शब्दांची खतावणी

दुकानदाराच्या रोजकीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहिले जातात. खतावणीत मात्र प्रत्येक नावाचे पान वेगळे असते व त्या नावावरील सर्व रकमा एकाखाली एक येतात. एखाद्या ग्रंथाची शब्दसूची करणे म्हणजे अशी खतावणी करणेच होय. ‘ज्ञानेश्वरी’च्या १८ अध्यायांतील सुमारे ९,००० ओव्या ही आपली रोजकीर्द, प्रत्येक शब्द हे एक खाते, आणि तो जेथे जेथे आला त्या ओवीचा क्रमांक ही नोंद.

संगणकावर हे काम ‘हॅश टेबल’ने होते. शब्दावर ठरावीक गणित करून एक संख्या काढतात व तिच्यावरून त्या शब्दाचा खण ठरतो. त्यामुळे शब्द शंभर असोत की लाख, हवा तो शब्द सापडण्यास सरासरी जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली ही कल्पना मांडली.

मात्र एका शब्दापुढे एकच किंमत राहते. समजा, ‘पाणी’ या शब्दापुढे ३ लिहिले आणि पुढे तो १७ व्या ओवीत आला, तर १७ राहतात व ३ पुसले जातात. म्हणून किंमतीच्या जागी क्रमांक न ठेवता क्रमांकांची यादी ठेवावी. शब्द प्रथमच आला असेल तर रिकामी यादी उघडावी. मग शब्द नवा असो वा जुना, यादीच्या शेवटी क्रमांक जोडावा.

येथे मी स्वतः फसलो. पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिताना सर्व खाती एकदमच उघडावीत म्हणून मी एक रिकामी यादी केली व तीच सर्व शब्दांना दिली. प्रोग्रॅम विनातक्रार चालला. पाहतो तो प्रत्येक शब्दापुढे सगळेच क्रमांक! टेबलात प्रत्यक्ष यादी नसते, तिचा पत्ता असतो. मी सर्व खात्यांना एकाच पानाचा पत्ता दिला होता. प्रत्येक शब्दासाठी नवी यादी केली, तेव्हा सूची सुधारली.

ही चूक निदान डोळ्यांत भरते. क्रमांक पुसले जाण्याची पहिली चूक मात्र दिसत नाही. सूची नीटनेटकीच वाटते आणि अभ्यासक ‘हा शब्द ग्रंथात एकदाच आला आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. यासाठी ताळा पाहावा : सर्व याद्यांतील नोंदी ग्रंथाच्या एकूण शब्दसंख्येइतक्या भरल्या पाहिजेत. तो जमल्याखेरीज सूचीवर विसंबू नये.