गुंगीचे औषध आणि संमती

शामक औषधे ही वैद्यकशास्त्राची मोठी देणगी आहे. निद्रानाश, तीव्र चिंता, शस्त्रक्रियेपूर्वीची अस्वस्थता यांवर डॉक्टर ती देतात. मात्र कपटाने दिलेले हेच औषध अत्याचाराचे साधन ठरते. त्याने हातापायांतील बळ जाते, शुद्ध हरपते आणि त्या वेळचे पुष्कळदा काही आठवतही नाही. मद्याबरोबर ते पोटात गेल्यास श्वास मंदावून मृत्यूही ओढवू शकतो.

असा गुन्हा अनोळखी माणसेच करतात, ही समजूत खरी नाही. फ्रान्समधील जिझेल पेलिको यांना त्यांचा पती सुमारे १० वर्षे अन्नपेयांतून शामक औषध देत होता आणि बेशुद्धावस्थेत त्यांच्यावर परपुरुषांकरवी अत्याचार घडवीत होता. वारंवार विस्मरण होऊ लागल्याने आपल्याला मेंदूचा विकार जडला असावा, असे त्यांना वाटे. २०२० मध्ये पोलिसांना पतीने केलेली चित्रणे सापडली, तेव्हा सत्य उघडकीस आले. खटला बंद दाराआड चालविण्यास जिझेल यांनी नकार दिला. लाज पीडितेने नव्हे, तर गुन्हेगाराने बाळगावी, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सर्व ५१ आरोपींना दोषी ठरविले. पतीला २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ६३ नुसार, गुंगीमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम समजू न शकणाऱ्या स्त्रीचा होकार ही संमती नव्हे. गुन्ह्याच्या हेतूने गुंगीचा पदार्थ देणे हाही कलम १२३ अन्वये स्वतंत्र गुन्हा असून, त्यास १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. काही औषधांचा अंश लघवीत सुमारे १२ तासच सापडतो. म्हणून संशय येताच, शक्य तर स्नान न करता व कपडे न धुता, रुग्णालय गाठावे आणि रक्त व लघवीची तपासणी करून घ्यावी. अत्याचारपीडितेवर विनामूल्य उपचार करणे सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते; ११२ व १८१ या दूरध्वनी क्रमांकांवर साहाय्य मिळते. विलंब झाला, तरी तक्रारीचा हक्क संपत नाही.

सावधगिरी हिताचीच आहे. परंतु ती राहून गेली म्हणून पीडिता दोषी ठरत नाही. दोष विश्वासाने पेला हाती घेणाऱ्याचा नसून, त्यात औषध मिसळणाऱ्याचा असतो.

पाठगत प्रश्न
१. गुंगीत दिलेला होकार कायद्याने संमती का मानली जात नाही?
२. तपासणीस विलंब झाल्यास कोणती हानी होते?