परदेशी बाजारपेठ आणि ठाणे जिल्ह्याची भेंडी

कल्याण म्हटले म्हणजे आज रेल्वेचे गजबजलेले जंक्शन डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव समुद्रपार व्यापाराचे बंदर म्हणून प्रसिद्ध होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथातही कल्याणचा उल्लेख येतो. हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते, परंतु पुढे सत्तेत बदल झाल्यावर येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात सांगितले आहे. माल तोच, खाडी तीच, खलाशीही तेच. परंतु परवानगी गेली आणि व्यापार दुसरीकडे वळला. परदेशी व्यापार केवळ मालाच्या गुणावर चालत नाही, त्याला नियमांची वाट मोकळी असावी लागते, हा धडा येथे आरंभीच ध्यानात घ्यावा.

आज मुरबाड व शहापूर तालुक्यांतील शेतकरी भाताची कापणी झाल्यावर ओलिताच्या जमिनीत भेंडी घेतात. तिच्यापैकी काही माल आखाती देशांत व युरोपात जातो. मुंबईचा विमानतळ जवळ असल्यामुळे सकाळी तोडलेला नाजूक माल लवकर विमानात चढविता येतो. ही सोय मोठी आहे. परंतु सोय म्हणजे यश नव्हे. पुढील पायऱ्या क्रमाने समजून घेतल्या पाहिजेत.

गिऱ्हाईक आधी, पेरणी नंतर

पुष्कळ शेतकरी आधी पीक घेतात व नंतर गिऱ्हाईक शोधतात. परदेशी व्यापारात हा क्रम उलटा असला पाहिजे. कोणत्या देशात माल जावयाचा, तेथे किती लांबीची शेंग चालते, कोणती औषधे चालत नाहीत, दर आठवड्याला किती माल लागेल, हे निर्यातदाराकडून पेरणीपूर्वीच जाणून घ्यावे. सामान्यतः कोवळी, सरळ, हिरवीगार, डागविरहित व बोटाएवढी शेंग पसंत केली जाते. करार तोंडी न ठेवता लेखी असावा. दर, प्रतवारीची रीत, नाकारलेल्या मालाचे काय करावयाचे व पैसे किती दिवसांत मिळणार, या चार गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात.

एकट्याने नव्हे, एकजुटीने

दहा-वीस गुंठे भेंडी असलेल्या शेतकऱ्याला एकट्याने नियमित माल पुरविणे शक्य नाही. गावातील शेतकऱ्यांनी गट करून पेरणीच्या तारखा आठ-दहा दिवसांच्या अंतराने विभागून घ्याव्यात. म्हणजे माल एकदम न येता सतत येत राहतो. किमान १० उत्पादक एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात. द्राक्षाच्या बाबतीत हा मार्ग आपल्या राज्याने पूर्वीच दाखविला आहे. १९९१ साली पुण्यास ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभी राहिली व द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था तिच्या द्वारे परदेशी बाजारात उतरल्या.

गटाला स्वतः निर्यात करावयाची असेल तर विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. अपेडा या केंद्रीय प्राधिकरणाकडेही नोंदणी करावी लागते. ही संस्था १९८५ च्या कायद्यान्वये शेतमालाच्या निर्यातवाढीसाठी निर्माण झाली. परंतु पहिली दोन-तीन वर्षे अनुभवी निर्यातदारामार्फत माल पाठवून व्यवहार शिकून घेणे शहाणपणाचे होय.

औषधाचा अंश : खरी कसोटी

युरोपात ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाही, त्याचा अंश एका किलो मालात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. हे प्रमाण किती अल्प आहे ते पाहा : शंभर टन भेंडीत एक ग्रॅम! यावरून एका चुकीच्या फवारणीची किंमत लक्षात येईल. भारतीय भेंडी युरोपात गेली अनेक वर्षे औषधांच्या अंशासाठी वाढीव तपासणीखाली राहिली आहे, हेही विसरता कामा नये.

भेंडीची अडचण अशी, की तोडणी एक-दोन दिवसांआड करावी लागते. ज्या औषधानंतर सात दिवस तोडणी करता येत नाही, असे औषध तोडा चालू असताना मारले तर मधले तीन-चार तोडे निर्यातीस निरुपयोगी ठरतात. म्हणून कीडनियंत्रणाचा पाया औषधावर नव्हे, दक्षतेवर असावा. त्यासाठी पुढील उपाय करावेत :

१. केवडा रोगास प्रतिकारक वाणाची निवड करावी. रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत.
२. रोग पसरविणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे लावावेत.
३. किडकी फळे व शेंडे बांधावर न टाकता जमिनीत खोल पुरावेत.
४. किडीच्या आरंभीच ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.
५. रासायनिक औषध अटळ असेल तर ते भेंडीसाठी शिफारस केलेले आहे व ज्या देशात माल जावयाचा तेथेही चालते, याची खात्री करावी. तोडणीपूर्व काळ कटाक्षाने पाळावा.
६. प्रत्येक फवारणीची तारीख, औषधाचे नाव व प्रमाण वहीत त्याच दिवशी लिहावे.

ही वही म्हणजे शेताची जन्मपत्रिकाच होय. निर्यातीसाठी शेताची नोंदणी झाल्यावर परदेशातील खोक्यावरून तो माल कोणत्या शेतातून आला, हे शोधता येते. त्यामुळे खोटी नोंद झाकली जात नाही.

तोडणीपासून विमानापर्यंत

तोडणी भल्या सकाळी करावी. शेंग हाताळताना सुती हातमोजे वापरावेत, म्हणजे लव झडून काळे डाग पडत नाहीत. तोडलेला माल उन्हात न ठेवता लगेच सावलीत न्यावा. वजन वाढविण्याच्या मोहाने त्यावर पाणी मारू नये. ओली भेंडी खोक्यात काळी पडते. वाहतुकीत ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान योग्य. त्याहून अधिक थंडीनेही भेंडी खराब होते, म्हणून ‘जितके थंड तितके चांगले’ हा समज येथे चुकीचा आहे.

मान्यताप्राप्त पॅकहाउसमध्ये प्रतवारी व तपासणी झाल्यावर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मिळते. माल किडीपासून मुक्त असल्याची ही शासनाची ग्वाही असते. हे प्रमाणपत्र नसेल तर माल देशाबाहेर उतरविता येत नाही. १९८४ साली स्थापन झालेल्या राज्य कृषी पणन मंडळाने वाशी येथे निर्यातीसाठी सुविधा उभारल्या आहेत. त्या गटाने एकदा अवश्य पाहून याव्यात.

एकाची चूक, सर्वांना शिक्षा

२०१३ साली भारतातून युरोपात गेलेल्या फळे व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांवर युरोपीय संघाने बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ मध्ये उठली, भाज्यांना त्याहून अधिक काळ थांबावे लागले. ज्यांच्या बागेत एकही किडका आंबा नव्हता, त्यांचाही माल या बंदीत अडकला. २०१० साली द्राक्षाच्या खेपा वाढरोधक औषधाच्या अंशामुळे युरोपात अडल्या, तेव्हाही हाच अनुभव आला. परदेशी गिऱ्हाईक शेतकऱ्याचे नाव पाहत नाही, देशाचे नाव पाहते. म्हणून शेजाऱ्याच्या शेतातील फवारणी हा त्याचा खाजगी प्रश्न राहत नाही.

हिशेब मांडून पाहा

परदेशी दराने भुलून जाऊ नये. समजा, १०० किलो भेंडी तोडली. स्थानिक बाजारात ३० रुपये दराने तिचे ३,००० रुपये येतात. निर्यातदाराने ४५ रुपये दिले, परंतु ६० किलोच माल निवडला, तर २,७०० रुपये झाले. उरलेला दुय्यम माल १५ रुपयांनी विकून ६०० रुपये मिळाले. एकूण ३,३०० रुपयांतून निवडणीची मजुरी २०० रुपये वजा जाता ३,१०० रुपये उरतात, म्हणजे लाभ केवळ १०० रुपयांचा. पण ५० किलोच माल निवडला गेला तर मजुरी वजा जाता २,८०० रुपयेच हाती येतात व २०० रुपयांचा तोटा होतो. अर्थात लाभ दराच्या आकड्यात नसून निवडल्या जाणाऱ्या मालाच्या प्रमाणात आहे. हे प्रमाण ७५ किलोवर गेले तर याच दरांनी ३,५५० रुपये पदरात पडतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या दराने असाच हिशेब करावा.

स्वतः निर्यात करणाऱ्या गटाने पैशाचा धोकाही ओळखावा. बँकेमार्फत पतपत्र घेऊनच नव्या गिऱ्हाइकास माल पाठवावा. १९५७ साली स्थापन झालेल्या निर्यात पतहमी निगमाचे विमासंरक्षणही मिळू शकते.

घरचे गिऱ्हाईक

शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. तपासणीत औषधाच्या अंशामुळे नापास झालेला माल कल्याणच्या बाजारात नेऊन मोकळे व्हावे, असा विचार काहींच्या मनात येतो. हा विचार सर्वथा त्याज्य होय. डोंबिवलीच्या घरातील मूल आणि लंडनच्या घरातील मूल यांच्या ताटात फरक करण्याचा अधिकार आपणास नाही. शिवाय ठाणे, कल्याण व डोंबिवलीची लक्षावधी कुटुंबे हीच आपली बारमाही बाजारपेठ आहे. परदेशाचे दार काही काळ बंद झाले तरी हे दार उघडे राहते. परदेशासाठी लागलेली शिस्त घरच्या गिऱ्हाइकासाठीही पाळली, तर दोन्ही बाजारांत आपली पत टिकेल.

गावसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात भेंडीखाली किती क्षेत्र आहे, व किती शेतकरी फवारणीची वही ठेवतात?
२. तोडा चालू असताना वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाचा तोडणीपूर्व काळ किती दिवसांचा आहे?
३. शंभर किलो मालातून निर्यातयोग्य किती निघतो, हे सलग पाच तोड्यांत मोजून पाहिले आहे काय?