बाण सुटल्यानंतरची तयारी

कोलोरॅडोत उन्हाळाभर मागच्या अंगणात उभं राहून बाण मारणारी माणसं जागोजाग दिसतात. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी आमच्या गल्लीतून फेरी मारली तरी दोन-तीन घरांमागून बाण फोमच्या निशाणात रुतल्याचा आवाज येतो. त्यातले बरेच जण चाळीस यार्डांवरून तळहाताएवढ्या जागेत एकामागून एक बाण बसवतात. पाठीवर तीस किलोचं ओझं घेऊन डोंगर चढायचा सराव करणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एल्कच्या शिकारीत माणसं गोत्यात येतात ती नेमबाजीत कमी पडून क्वचित, ओझ्यात आणि उन्हात कमी पडून नेहमी.

एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलाचा थोराड भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. कोलोरॅडोत यांची संख्या अडीच लाखांहून अधिक, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. धनुष्यबाणाचा हंगाम २ सप्टेंबरला उघडतो आणि ३० ला मिटतो. महिन्याच्या उत्तरार्धात नर माजावर येतात, त्यांच्या आरोळ्यांनी दऱ्या दणाणतात. ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. पहिल्या आठवड्यातली शिकार अगदी निराळी. नर बहुधा गप्प असतात, दुपारी पारा पंचवीस अंशांकडे सरकतो, आणि जनावर उत्तर उतारावरच्या दाट झाडीत सावली धरून बसलेलं असतं. गर्दी कमी आणि जनावरं अजून बिथरलेली नसतात म्हणून हा आठवडा मला आवडतो. पण त्याची किंमत उन्हात मोजावी लागते.

शिकार म्हटलं की पुण्याच्या नातेवाइकांच्या भुवया वर जातात, ते साहजिक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा विषय मिटवला. योगायोग असा की त्याच १९७२ साली अमेरिकेच्या काँग्रेसनं धनुष्यबाणांवर अकरा टक्के कर बसवून तो पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्यापासून तिकडे जातच होता. दोन देशांनी दोन वाटा धरल्या. मी राहतो तिथली वाट मला पटली, एवढंच सांगतो. वाद घालायचा असेल तर दिवाळीत भेटू.

आता जे सांगायचं ते. फ्लॅट टॉप्स नावाचा पठारी डोंगराळ भाग कोलोरॅडोच्या वायव्येला आहे. वरून सपाट, कडेनं तुटलेला, ज्वालामुखीच्या खडकाचा. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो, आणि तिथंच त्याचा घात होतो. माझा एक सहकारी, आमच्यातला सगळ्यात सरस नेमबाज, हंगामाच्या सुरुवातीला तिथल्या एका घळीत उतरला. मी दुसऱ्या अंगाला, दोन सोंडा ओलांडून तळावर होतो. सूर्य मावळल्यावर उपग्रहावरून त्याचा निरोप आला: नर पडला, बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार, जनावर शंभर पावलांत कोसळलं. पुढचं वाक्य होतं, ‘अंधार झालाय, खाली पडझड फार आहे, पहाटे सुरुवात करू. थंडी छान पडलीय.’

थंडी खरंच पडली होती. पहाटे मी तिथं पोचलो तेव्हा गवतावर दहिवर गोठलेलं होतं आणि त्याला कशाचीच काळजी नव्हती. आम्ही मागच्या पायाचं कातडं उतरवलं, मांडीच्या हाडापर्यंत सुरी घातली आणि वास आला. वरचं चार बोटं मांस लालबुंद, ताजं. आत हाडाशी हिरवट आणि आंबलेलं. इथले शिकारी याला हाड आंबणं म्हणतात. एल्कचं कातडं आणि त्याखालचे जाड स्नायू अंगातली ऊब गोधडीत गुंडाळलेल्या भाताच्या पातेल्यासारखी धरून ठेवतात. बाहेर शून्य अंश असलं तरी खुब्याच्या सांध्याशी तासन् तास ऊब राहते आणि तिथूनच नासायला सुरुवात होते. एक मागचा पाय पुरा गेला, दुसरा अर्धा. उरलेलं वर न्यायला आम्हाला दुसऱ्या दिवशीची रात्र झाली, कारण घळ पायवाटेच्या साडेचारशे मीटर खाली होती आणि मधे आडवी पडलेली झाडं होती.

त्या झाडांविषयी दोन शब्द. १९४० च्या दशकात खोडकिड्यांनी या पठारावरची स्प्रूसची जंगलंच्या जंगलं मारली. पुढे वणवे आले, किड्याच्या नव्या साथी राज्यभर आल्या. मेलेली झाडं उभी राहतात, मग वाऱ्यानं एकमेकांवर आडवी पडतात. नकाशात किलोमीटरभर दिसणारं अंतर अशा जागी दोन तास खातं. हे घरी बसून उपग्रहचित्रावर दिसतं. करड्या रंगाचा डाग दिसला की तिथं जनावर पाडायचं नाही, असं मी आधीच ठरवून टाकतो. तंबूही उभ्या वाळक्या झाडाखाली कधी ठोकत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला नेमबाजीचा नाही, हिशेबाचा आहे. हाडं काढून एका नराचं मांस नव्वद-शंभर किलो भरतं, म्हणजे पंचवीस-पंचवीस किलोंच्या चार खेपा. गाडी पाच किलोमीटरवर असेल आणि तुम्ही एकटे असाल तर ओझ्यासह चारदा जाणं, रिकामं तीनदा परत येणं: पस्तीस किलोमीटर. दोघं असाल तर प्रत्येकाला पंधरा. शिंगं, तंबू, धनुष्य यात धरलेलं नाही. तुमच्या पायांनी आणि त्या दिवसाच्या उन्हानं ही बेरीज मान्य केली तरच त्या दरीत उतरा. एकट्यानं पहिल्या आठवड्यात गाडीपासून तीन किलोमीटरच्या पलीकडे बाण सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर पुष्कळ लोक मला भित्रा म्हणतात.

ढकलगाडी नेऊ, असा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तोही सोडा. फ्लॅट टॉप्ससारख्या संरक्षित ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रात मोटारच काय, सायकल आणि चाकाची हातगाडीही चालत नाही. आपली पाठ किंवा घोडा-खेचरासारखं ओझ्याचं जनावर, एवढेच पर्याय. आणि मांस टाकून शिंगं तेवढी नेणं हा इथं गंभीर गुन्हा आहे.

जनावर पडल्यावर करायचं काय? आधी परवाना-चिठ्ठीचं काम आणि मग लगेच कातडं. रात्र असो की पाऊस, फुप्फुसावर बाण बसल्याची खात्री असेल तर तास-अर्ध्या तासानं माग काढा आणि कातडं उतरवूनच झोपा. पोट न उघडता एका अंगानं पाय, पाठ, मान सोडवून मग जनावर उलटवायची पद्धत इथं रूढ आहे. एकट्या माणसाला तीच झेपते. मांडीचं मांस हाडाच्या लांबीनं चिरून उघडं ठेवा, म्हणजे आतली ऊब बाहेर पडते. हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत भरून पाय सावलीत टांगा, शक्यतो ओढ्याच्या काठी, जिथं रात्री गारवा साचतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ताजं मांस भरू नका, ते वाफाळून जातं. नर-मादी ओळखण्याचा पुरावा कायद्यानं मांसाच्या एखाद्या मोठ्या भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहावा लागतो. हाडं काढण्याच्या घाईत तो कापून टाकलेला मी पाहिलाय. तंबूपासून शंभर मीटर तरी लांब टांगा, कारण काळी अस्वलं असतात. गाडीतल्या शीतपेटीत घरूनच पाण्याचे कॅन गोठवून ठेवले असतील तर शेवटचा प्रवास निर्धास्त होतो.

नेमबाजीकडे आता वळतो. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुष्यात वैयक्तिक सुवर्णपदकं मिळवली, तेव्हापासून मला गावाकडून विचारणा होते: तूही पन्नास मीटरवरून मारतोस का? नाही. त्यांचं निशाण हलत नाही, जमीन सपाट असते. इथं मी गुडघ्यावर, धाप लागलेली, पाठीवर सॅक आणि समोर तिरपा उतार. तीस यार्डांपुढे मी बाण सोडत नाही. सराव करताना शंभर पावलं धावून, लगेच गुडघ्यावर बसून, शिकारीचाच अंगरखा आणि सॅक घालून मारा. शेवटचा महिनाभर सरावाची टोकं काढून शिकारीची पाती लावा; त्यांची झेप वेगळी पडते आणि ते कळायची जागा अंगण आहे, डोंगर नाही. तीस अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर तिरपं अंतर चाळीस यार्ड दाखवत असेल तर बाणाच्या हिशेबानं ते पस्तीसच. कायद्याची किमान अट पस्तीस पौंड ताणाची आणि दोन धारांच्या, निदान सात-अष्टमांश इंच रुंद पात्याची आहे. एल्कसाठी मी त्याहून बराच जास्त ताण धरतो.

जनावर आडवं उभं असावं किंवा किंचित तोंड फिरवलेलं. समोरून छातीवर, मागून, फांद्यांतून, असे मोह टाळा. बाण पोटात गेला, म्हणजे त्यावर हिरवट मळ आणि आंबूस वास असेल, तर निदान सहा-आठ तास थांबावं लागतं. आधी गेलात तर जनावर उठून पुढच्या दरीत जातं. आता ते सहा तास पंचवीस अंशांच्या दुपारी मोजून पाहा. थांबणं जनावर मिळण्यासाठी बरोबर, मांसासाठी घातक, आणि यातून सुटायला तिसरी वाट नाही. म्हणून गरम दुपारी शंकास्पद नेम घ्यायचाच नाही.

वारा मात्र कुठल्याही यंत्राचं ऐकत नाही. एल्कचे डोळे फसतात, कानही फसतात, नाक कधीच नाही. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते. ऊन चढलं की तीच हवा वर उठते, आणि संध्याकाळी सावली पडताच पुन्हा उलटते. पहाटे जनावरांच्या खाली राहून वर चढा, ऊन तापल्यावर त्यांच्या वर या. अडचण असते ती बदलाच्या अर्ध्या-पाऊण तासाची, जेव्हा हवा गोल फिरते. त्या वेळी मी जिथं असेन तिथंच बसतो, वारा दाखवणाऱ्या भुकटीची खिशातली बाटली दाबत. दुपारी पाणवठ्यावर किंवा चिखलाच्या लोळणीवर बसणार असाल तर संध्याकाळचा वारा कुठं वळेल हे धरूनच जागा निवडा. दुपारी उत्तम असलेली जागा सहा वाजता तुमचा वास थेट पाण्यावर नेते. कृत्रिम हाका पहिल्या आठवड्यात कमी माराव्यात. मादीची एखादी हलकी साद पुरते.

सह्याद्रीत वाढलेल्या भटक्यांसाठी वेगळं सांगायला हवं. कळसूबाई १६४६ मीटर. डेन्व्हर शहरच १६०९ मीटरवर आहे आणि शिकार त्याच्या दुप्पट उंचीवर. ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीहून येणारे आपले लोक दमदार असतात, पण विरळ हवा दमाला विचारत नाही. दोन-तीन दिवस आधी या, पहिली रात्र मधल्या उंचीवर काढा, पाणी भरपूर प्या. डोकं दुखून मळमळलं तर आणखी वर चढायचं नाही, आराम पडेना तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागू लागली किंवा खोकल्यात गुलाबी फेस आला तर सकाळची वाट न पाहता तेव्हाच, रात्रीही, उतरायचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला दुपारी गडगडाट होतो. झाडं संपतात त्या रेषेच्या वर असाल तर दुपारच्या आत खाली या.

बाकीचं थोडक्यात. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. २०२५ पासून बाहेरच्या राज्यातल्या धनुर्धारींना पश्चिमेकडच्या डोंगरांतला एल्कचा परवाना थेट विकत मिळत नाही, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सोडतीचा अर्ज भरावा लागतो. बऱ्याच विभागांत नराच्या एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंच असल्याशिवाय त्याला मारता येत नाही. खासगी जमिनीवर पाटी नसली तरी परवानगी लागते, तेव्हा हद्दी दाखवणारा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. बूट जुने, मोजे नवे. पाणी गाळूनच प्या.

आणि परवाना हातात आला की त्याच आठवड्यात तुमच्या भागातल्या, वनखात्याची परवानगी असलेल्या खेचरवाल्याला फोन करा. त्याचा दर विचारा, मांस कुठून उचलेल आणि निरोप मिळाल्यापासून किती तासांत पोचेल ते ठरवून घ्या. सप्टेंबरात फोन केलात तर तो बहुधा उचलणार नाही, कारण तेव्हा तो कुणा दुसऱ्याचं मांस घेऊन डोंगरात असतो.