टॉप मॉडेल कशाला?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात गाडी घेणं ही एकट्याची बाब राहत नाही. 2010 साली इथल्या मंडळींनी गट करून एकदम 150 मर्सिडीज घेतल्या होत्या. अशा गावात मधलं मॉडेल मागणाऱ्याकडे लोक जरा कीव केल्यासारखे बघतात. मी डिझायर घ्यायची ठरवली तेव्हा मेहुण्यांनी विचारलंच, “दाजी, घेताच आहात तर टॉपच घ्या ना!”

शोरूमवाल्यांचाही सूर तोच. “सर, मधल्या व्हीएक्सआयला तीन महिने वेटिंग आहे. टॉपची झेडएक्सआय प्लस परवा नेता येईल. फरक हप्त्यात कळणारसुद्धा नाही.” 22 सप्टेंबर 2025 पासून अशा छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. त्यातून वाचलेला पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात फार वेळ राहू नये, अशी तिथे काळजी घेतली जाते.

हप्त्याकडे बघूच नका. शोरूम किमतीत लाखाचा फरक असेल, तर 11 टक्के रोड टॅक्स धरून तो तिथेच एक लाख अकरा हजार होतो. वर वाढीव विमा आणि कर्जाचं व्याज. दोन्ही व्हेरियंटचे ऑन-रोड भाव लेखी मागा आणि घरी नेऊन शेजारी शेजारी ठेवा.

मग एकच गोष्ट तपासा: जे नंतर बसवता येत नाही, ते कुठल्या व्हेरियंटपासून मिळतं? नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या डिझायरच्या सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आहे. म्हणजे ‘सेफ्टीसाठी टॉप घ्या’ हे तिथे लागू पडत नाही. होंडा अमेझचं वेगळं. तिथे समोरच्या गाडीचा अंदाज घेऊन आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा फक्त टॉपच्या झेडएक्सला मिळते. सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढून ताशी 120 च्या मर्यादेत दर महिन्याला नागपूर गाठणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजले, तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही.

आमच्या घरी मात्र मागच्या सीटवर आई-अण्णा असतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात मागे एसीचे व्हेंट नसतील तर गाडी असून नसल्यासारखी. ते डिझायरच्या एलएक्सआयला नाहीत, व्हीएक्सआयपासून मिळतात. बेस मॉडेल तिथेच बाद झालं. सनरूफवर तर बोलायलाच नको. आपल्या उन्हात त्याचा पडदा लावलेलाच बरा. 15 इंची अलॉय दिसतात छान, पण व्हीएक्सआयच्या 14 इंची चाकाच्या टायरची भिंत उंच असते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तीच कामाला येते.

रिव्हर्स कॅमेरा नंतरही लावता येतो. फक्त तयार कपलर असलेला घ्या. वायर कापून जोडलात तर इलेक्ट्रिकल वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर त्यावर तिथेच काट मारायला सांगा. विमाही त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा भाव दाखवला की त्यांचा आकडा खाली येतो. वेटिंगचं म्हणाल, तर त्यांच्यासमोरच जालन्याच्या शोरूमला फोन लावला आणि तीन महिन्यांचे तीन आठवडे झाले. बाकीची रक्कम भरण्याआधी यार्डात जाऊन चासी नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली तेवढं बघून घ्या.