पाहुण्या ढालकिड्याचे रसायन

चवळीच्या कोवळ्या शेंगांवर मावा पडला की त्याच्या पाठोपाठ ठिपकेदार ढालकिडेही येतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. मावा हे त्यांचे अन्न. म्हणून ढालकिडा शेतकऱ्याचा मित्र गणला जातो. परंतु मित्राचीही पारख करावी लागते. ‘हार्मोनिया ॲक्सिरिडिस’ या पूर्व आशियातील ढालकिड्याची कथा हेच सांगते.

मावा आटोक्यात यावा म्हणून १९१६ साली त्यास अमेरिकेत नेण्यात आले. १९८८ साली लुइझियाना राज्यात तो रानात स्थिरावलेला आढळला. युरोपातही तो असाच नेला गेला. आणि २००४ साली, कोणी न बोलावता, ब्रिटनमध्ये पोहोचला.

त्याचे सामर्थ्य त्याच्या रक्तात आहे. त्यास चिमटीत धरताच पायांच्या सांध्यांतून रक्ताचे पिवळसर थेंब पाझरतात. त्यांत हार्मोनिन हे विषारी द्रव्य व पायराझिन वर्गातील उग्र वासाचे पदार्थ असतात. भडक रंग आणि दुर्गंध मिळून शत्रूस दूर राहण्याची सूचना देतात. त्याच्या अंड्यांतही विष असल्यामुळे ती देशी ढालकिड्यांना पचत नाहीत. उलट त्यांची अंडी मात्र हा सहज फस्त करतो. शिवाय त्याच्या रक्तात काही सूक्ष्म परोपजीवी असतात. ते त्यास बाधत नाहीत. परंतु सात ठिपक्यांच्या ढालकिड्यांत टोचले असता ते मरतात, असे २०१३ साली जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगान्ती दाखविले. ब्रिटनमध्ये त्याच्या आगमनानंतरच्या पाच वर्षांत दोन ठिपक्यांचे देशी ढालकिडे सुमारे ४४ टक्क्यांनी घटले.

द्राक्षबागाइतदारांनाही त्याचा उपद्रव झाला. शरद ऋतूत हे किडे द्राक्षांच्या घडांत शिरतात व फळांबरोबर चिरडले जातात. लिटरभर मद्यात पायराझिनचे प्रमाण ग्रॅमच्या काही अब्जांशांइतके असले, तरी त्याची चव बिघडते.

गंमत अशी की, हेच हार्मोनिन क्षयाच्या जंतूंची व हिवतापाच्या परोपजीवींची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. त्यापासून औषध सिद्ध होणे ही मात्र फार दूरची गोष्ट होय.

पदार्थ एकच, कोठे विष, कोठे ढाल, कोठे औषधाची आशा. एखाद्या जीवास त्याच्या एका गुणासाठी आपण परमुलखात नेतो. परंतु तो आपले सर्व गुण बरोबर घेऊन जातो. आमंत्रण देण्यापूर्वी ते सर्व जाणून घेणे, हेच खरे शास्त्र होय.