सुई जागेवर, सूर जागेवर

मित्रहो, हॉस्टेलमध्ये आपण सगळे गाणी मोबाइलवरच ऐकतो. पण दिवाळीत धानोऱ्याला घरी गेलो की मान आजोबांच्या रेकॉर्ड प्लेअरचा! या वेळी किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी त्यांनी वेगळी काढून ठेवलेली दिसली. म्हणाले, "ही गेली बाबू. सुरुवातीला छान वाजते, शेवटी शेवटी फाटते. आता हिला वाजवत नाही."

मी चपापलो. मे महिन्यात नवी कार्ट्रिज मीच बसवली होती, तीसुद्धा अंदाजाने!

आधी थिअरी. रेकॉर्ड कापताना कटर त्रिज्येवरून सरळ रेषेत आत जातो. आपला आर्म मात्र एका टोकाला पक्का असतो, त्यामुळे सुई कंसात फिरते. म्हणजे सुईची दिशा खाचेच्या टँजंटशी सगळीकडे जुळणे शक्यच नाही. यावर उपाय म्हणून कार्ट्रिज थोडी तिरकी बसवतात आणि सुई मधल्या खुंटीच्या थोडी पुढे जाईल अशी ठेवतात. २३० मिमीच्या आर्मला ही 'पुढे' साधारण १८ मिमी भरते. मग दोन ठिकाणी चूक शून्य होते आणि बाकी ठिकाणी कमीत कमी राहते. हे गणित स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि नंतर बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडले.

पण फाटते शेवटीच का? ३३⅓ च्या वेगाने फिरणाऱ्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेमी खाच जाते, अगदी आत फक्त २१ सेमी. म्हणजे १०,००० हर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉनमध्ये, तर आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. तिथे थोडासा कोन चुकला तरी लगेच ऐकू येतो. आणि आपल्या ख्यालात विलंबित आधी, द्रुत शेवटी! सगळ्यात वेगवान ताना नेमक्या सगळ्यात अवघड जागी येतात.

आता प्रॅक्टिकल. (जुन्या पोर्टेबल प्लेअरमध्ये बहुधा ही सोय नसते. कार्ट्रिज दोन स्क्रूंवर सरकणारी हवी.)

१) प्लेअर बंद करा. पाणसळ ठेवून तो समतल आहे ना ते बघा.

२) ड्रॉइंग शीटच्या तुकड्यावर खुंटीसाठी भोक पाडा. भोकातून एक सरळ रेषा काढून तिच्यावर ६६ मिमी आणि १२०.९ मिमीवर दोन बिंदू घ्या. प्रत्येक बिंदूतून त्या रेषेला काटकोनात रेघ मारा, शेजारी दोन-चार समांतर रेघा मारा. मिनी ड्राफ्टरचा एवढा चांगला उपयोग मी तरी कधी केला नव्हता!

३) शीट खुंटीत अडकवा. कागद फिरवून पहिला बिंदू सुईखाली आणा, आर्म हलकेच टेकवा. सुईची बारीक दांडी रेघेला समांतर हवी. नसेल तर आर्म उचला, स्क्रू सैल करून कार्ट्रिज किंचित वळवा. मग दुसरा बिंदू. एकावर जुळते, दुसऱ्यावर नाही, असे झाले तर कार्ट्रिज पुढे-मागे सरकवा. घाई नको, मला दीड तास लागला.

४) कार्ट्रिज सरकली की मोमेंट बदलतो, म्हणून सुईचे वजन शेवटी पुन्हा लावा. अनेक कार्ट्रिजना १.५ ते २ ग्रॅम लागते, पण आपल्या कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातला आकडाच खरा. 'हलके ठेवले की रेकॉर्ड वाचते' हा गैरसमज आहे. सुई फार हलकी असली तर ती उड्या मारते आणि खाचेच्या भिंती खराब करते.

५) अँटिस्केटिंग वजनाइतकेच ठेवा आणि बाजूचा शेवटचा भाग ऐका.

आजोबांना बोलावले आणि 'सहेला रे' लावले. शेवटपर्यंत आवाज फाटला नाही. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त उठून बागेश्रीची बाजू लावली.

थोडी खरखर मात्र राहिली. मे ते दिवाळी वाकड्या सुईने जे ओरबाडले, ते कुठल्याच ॲडजस्टमेंटने भरून येत नाही. म्हणून मित्रांनो, घरची रेकॉर्ड 'गेली' म्हणून काढून टाकण्याआधी एकदा सुई कुठे बघते ते बघा. आणि नवी कार्ट्रिज बसवली असेल, तर पहिले गाणे लावायच्या आधीच बघा.