हवा आत येते कुठून?

संगणकाचं कॅबिनेट घेताना पंखे मोजायची सवय सोडावी, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. पुढे तीन, वर दोन, मागे एक, सगळ्यांत रंगीत दिवे आणि समोर अखंड काच. दुकानात हे देखणं दिसतं. पण काचेमागचा पंखा हवा ओढणार कुठून? कडेच्या बोटभर फटीतून. गरज किती आहे याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रावर होतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ५०० वॅट उष्णता सोडत असतील (एकट्या आरटीएक्स ४०९० कार्डाची मर्यादाच ४५० वॅट आहे) आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा वाहायला हवी. मध्यम कॅबिनेटचं घनफळच साधारण तेवढं असतं. म्हणजे अख्ख्या पेटीतली हवा जवळजवळ दर सेकंदाला बदलायची! पंख्याच्या खोक्यावरचा आकडा पुढे-मागे काहीच आड नसताना मोजलेला असतो. फटीमागे तो कागदावरच राहतो, आणि त्याच फटीवर आणखी पंखे लावले तर मुख्यतः आवाज वाढतो. काचेशी माझं वैर नाही. तळातून किंवा बाजूने हवा घ्यायला प्रशस्त वाट ठेवली असेल, तर समोर खुशाल काच असावी.

समोर काचेऐवजी जाळी असली तर तिच्यातून धूळ येते, हा आक्षेप नेहमीचा आणि अर्धा खरा. आपल्याकडे धूळ येणारच. ती गाळणीत अडकावी की हीटसिंकच्या पात्यांत, एवढंच आपल्या हातात असतं. आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवले, तर हवा बहुतेक गाळणीतूनच येते, फटींतून नाही. मात्र गाळणी कॅबिनेट न उघडता काढता यायला हवी, नाहीतर ती कुणी धूत नाही. लिक्विड कूलर घेतला की कॅबिनेट कसंही चालतं, हा समज तर साफ चुकीचा. पाणी उष्णता वाहून नेतं, संपवत नाही. रेडिएटरलाही हवाच लागते.

परीक्षणांतले आकडे वाचताना आधी खोलीचं तापमान शोधावं. २२ अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारा प्रोसेसर तोच भार आणि तेच पंखे असताना विदर्भातल्या मे महिन्यात, ३८ अंशांच्या खोलीत, ८८ च्या आसपास जाईल. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ आहे. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो, जळत नाही, हे मान्य. पण सांभाळतो तो वेग कमी करून, आणि पैसे तर आपण वेगाचेच मोजलेले असतात.

कॅबिनेट घरात असेल तर ते आधी टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढावं. तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. मग पंख्यांचा वेग कायम ठेवून अर्धा तास भार द्यावा, आकडे टिपावेत आणि बाजूचं झाकण काढून पुन्हा बघावं. दोन-तीन अंशांचा फरक सोडून द्यावा. आठ-दहा अंश उतरले, तर झाकण परत लावून फक्त पुढचं पॅनल काढावं. तरीही तेवढेच उतरले, तर दोष पुढच्या पॅनलचा आहे.